वहिनी हसली, पण काजळ टिकलं

"ताई, मी चोपडा तालुक्यातली. डी.एड. झालंय, एका खासगी शाळेत शिकवते, पगार नऊ हजार. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) मामेबहिणीचं लग्न आहे आणि करवली मी आहे. परवा पुण्याच्या वहिनी आल्या होत्या. त्यांनी माझं मेकअपचं पाऊच उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अगं, हे सगळं बाजारातलं?' नि हसल्या. त्यांच्याकडे साडेआठ हजारांची किट आहे, तशीच मला हप्त्यावर मिळते. आई म्हणते, 'केयीनी पट्टी उनी का देसू.' (केळी विकल्याचे पैसे आले की देते.) पण खरं सांगू का, माझी नव्वद रुपयांची काजळ पेन्सिल शाळा सुटेपर्यंत हलत नाही. वहिनींचं काजळ जेवणं व्हायच्या आत गालावर आलं होतं. मग मी किट घेऊ की नको? माझ्या पाऊचमध्ये आहे ते असं : काजळ पेन्सिल, टाल्कम पावडरचा छोटा डबा, कॉम्पॅक्ट, व्हॅसलीन, गुलाबपाणी, टिकल्यांचं पाकीट, मैत्रिणीने दिलेली एक विटकरी लिपस्टिक (अजिबात आवडत नाही) आणि बारावीच्या निरोप समारंभाला घेतलेला मस्कारा. तो अजून संपलेला नाही!"
— एक वाचक

बाई गं,

किट घेऊ नको. आधी हे सांगून टाकते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. पगाराएवढे पैसे घालून तू चोवीस रंगांची पाटी आणशील, त्यातले तीन वापरशील, आणि उरलेले एकवीस दोन वर्षांनी पुसून फेकशील. अमळनेरला पार्लर चालवून मला तेवीस वर्षं झाली. अशा पाट्या मी किती पाहिल्यात याची मोजदाद नाही. निळा आणि जांभळा रंग तर नेहमी नवाच्या नवा असतो.

तुझ्या पत्रातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वहिनी हसल्या त्याचं तुला वाईट वाटलं, तरी त्याच वेळी त्यांच्या गालावर उतरलेलं काजळ तू बघून ठेवलंस. मेकअप शिकायला आलेल्या मुलींना मी पहिले पंधरा दिवस हेच शिकवते : वस्तूचं नाव बघू नका, चार तासांनी ती कुठे गेली ते बघा.

आता तुझं काजळ का टिकतं ते ऐक. आपल्या आज्या एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळी धरायच्या आणि ती तुपात कालवायच्या. ते काजळ डोळ्यांना थंड वाटायचं, पण तूप ते तूपच. चैत्रात दुपारी बारा वाजता ते वितळणारच. पेन्सिलीत काजळी किंवा काळा रंग मेणात बसवलेला असतो, आणि न पसरणाऱ्या पेन्सिलीत उडून जाणारं एक द्रव्यही असतं, बहुधा सिलिकॉनच्या जातीचं. काजळ लावल्यावर मिनिटभरात ते उडतं आणि मेण व रंगाचा पातळ पापुद्रा पापणीच्या कडेला धरून राहतो. नव्वदच्या पेन्सिलीत आणि नऊशेच्या पेन्सिलीत हे तत्त्व एकच आहे. नऊशेची थोडी मऊ चालेल, टोक सुबक असेल, डबी तर झक्कासच असेल.

वहिनींचं काजळ का उतरलं तेही मी इथे बसून सांगू शकते. एक तर ते मिनिट त्या थांबल्या नसतील, लगेच डोळे मिचकावले असतील. नाहीतर डोळ्याखाली चांगलं जाडसर क्रीम चोळलं असेल. मेणाला तेल लागलं की ते सुटतं, मग पेन्सिल कितीही महाग असो. तू शाळेत जाताना चेहऱ्याला काही चोपडत नसशील, म्हणून तुझं टिकतं. लग्नाच्या दिवशी चोपडशील, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेव. डोळ्याखाली क्रीम लावलंच तर पाच मिनिटांनी टिपून घे, बोटाच्या टोकावर अगदी चिमटीभर पावडर घेऊन तिथे दाब आणि मगच काजळ लाव.

पावडरीचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी भुसावळला एका नवरीचं काम घेतलं होतं. तेव्हा मी नवीनच शहाणी झाले होते. माझ्या आठवड्याच्या कमाईएवढी एक परदेशी फाउंडेशनची बाटली आणली होती, चेहरा ओलसर चमकतो म्हणून. मुहूर्त दुपारचा, मंडपावर पत्रे, बाहेर चव्वेचाळीस. अंतरपाट धरेपर्यंत नवरीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी रेघा उतरायला लागल्या. मी वरून आणखी थर देत होते आणि तो थर आधीच्या थराला घेऊन खाली येत होता. शेवटी नवरीच्या आजीने आपल्या पिशवीतून पावडरचा डबा काढला आणि म्हणाली, "पोरी, पहिले घाम टिप, मंग पावडर लाव." तिने सांगितलं तसं केलं. मऊ रुमालाने दाबून घाम टिपला, पुसला नाही. मग पफने पावडर दाबली. फोटोत नवरी बरी आली. माझं तोंड मात्र आल्बममध्ये कुठेच नाही, कारण मी मंडपाच्या मागे बसून त्या बाटलीकडे बघत होते. बाटलीत काही खोट नव्हती. ती थंड, कोरड्या हवेसाठी होती, आणि मी ती वैशाखात पत्र्याखाली नेली होती.

टाल्कम असं काम का करतं, तर तो मऊ, चपट्या कणांचा खडकच आहे दळलेला. तेल आणि घामाची चमक त्यात बसते. पण ही पावडर चेहऱ्यावर फुंकरून उडवू नको. नाकातोंडात गेलेली बरी नाही, आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' वर्गात टाकलंय. त्यामुळे घाबरून डबा फेकायची गरज नाही, पण तळहातावर घेऊन, झटकून, चेहऱ्यावर दाबायची. ढग उठवायचे नाहीत आणि तान्ह्या बाळांना तर नकोच. चेहऱ्यासाठी तुझा कॉम्पॅक्ट आहे, तोही हेच काम करतो. लिपस्टिक टिकवायची तर ओठांवर टिशूचा एक पापुद्रा ठेवून त्यावरून पावडर लाव, मग टिशू काढून लिपस्टिकचा दुसरा हात दे. पंगतीत पुरणाचे मांडे आणि रसा खाल्लास तरी निम्मी राहील. शेवभाजीची हमी मी देत नाही, तिच्या तर्रीपुढे कुणाचंच काही चालत नाही.

आता त्या विटकरी लिपस्टिककडे ये. तुझ्या पाऊचमधली सगळ्यात मोलाची वस्तू ती आहे आणि तुला ती आवडत नाही! आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर डोळ्याखालची काळी वर्तुळं बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसतात. त्यावर नुसतं फाउंडेशन लावलं की राखेसारखं दिसतं, मग आणखी फासलं जातं. निळ्याला मारतो नारिंगी. मोठ्या दुकानात याच कामासाठी नारिंगी रंगाची वेगळी डबी विकतात. तू विटकरी लिपस्टिक बोटाला अगदी निसटती लाव, डोळ्याखालच्या खड्ड्यात, हाडाच्या बाजूला, दोन ठिपके दे आणि थोपट. डोळ्याच्या कडेला आणि पापण्यांना लावू नको, लिपस्टिकचे सगळे रंग डोळ्यांसाठी नसतात. त्यावर थोडं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट. पहिल्यांदा करशील तेव्हा कुणी डोळ्याखाली बुक्की मारल्यासारखं दिसेल, घाबरू नको, वरचा थर बसला की जातं. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा करू नको म्हणजे झालं, एखाद्या रविवारी कर.

हीच लिपस्टिक गालावर दोन ठिपके देऊन बोटाने पसरवली की वेगळा ब्लश नको. ओठांवर ती तुला का आवडली नाही याचाही मला अंदाज आहे. तू ती कोरड्या ओठांवर सरळ कांडीने ओढली असशील. आदल्या रात्री ओठांना व्हॅसलीन लाव, सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढ, मग बोटाने दाबून लाव. विटकरी रंग आपल्याकडच्या मुलींवर जितका शोभतो तितका तो गुलाबी-गुलाबी रंग कधीच शोभत नाही. पण दुकानदार आधी गुलाबीच काढून दाखवतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

व्हॅसलीनचं पेटंट १८७२ चं, आणि अजूनही त्याच्या तोडीचं काम करणारं स्वस्त काही सापडलेलं नाही. ते कातडीत काही घालत नाही, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. टाचांना, ओठांना, केस काळे करताना कपाळाच्या कडेला, अत्तर लावायच्या आधी मनगटाला. दिवसा चेहऱ्याला मात्र नको. चोपड्याहून येताना अर्धी धूळ चेहऱ्यावर घेऊन उतरशील.

गुलाबपाणी बाटलीत भरून शिंपड, कॉम्पॅक्टचा पिठूळपणा जातो. बस्स.

टिकल्यांबद्दल मात्र थांबून सांगते. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात काही वेळा असं एक रसायन असतं, ज्याने त्या जागेवरचा रंगच जातो. कपाळावर वाटोळा पांढरा डाग पडतो, आणि तो गेला तर जातो, नाहीतर नाही. त्वचेचे डॉक्टर हे अनेक वर्षांपासून बघताहेत. म्हणून रात्री टिकली काढायची, आरशाला लावून ठेवायची नि सकाळी तीच कपाळाला लावायची हे बंद. एका जागी खाज आली, लाल झालं, की त्या पाकिटाला रामराम. लग्नाला आजीसारखं मेण लावून त्यावर कुंकू लाव. मेण आणि घाम एकमेकांना धरत नाहीत, कुंकू ओघळत नाही. कुंकू हळदीचं घे. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, ते खरं कुंकू. भडक केशरी शेंदूर चेहऱ्याला नको, त्यात शिसं किंवा पारा असू शकतो. यात्रेत मिळणाऱ्या सुरम्याचंही तेच, खरा सुरमा म्हणजे बऱ्याचदा शिशाचाच खडा असतो.

इथेच वहिनींच्या 'बाजारातलं' या शब्दाकडे येऊ. त्यांना म्हणायचं होतं, स्वस्त. पण स्वस्त वेगळं आणि बेवारस वेगळं. मालाच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापलेलं असलं पाहिजे, हा आपल्या देशाचा नियम आहे. रंगासाठी शिशाची संयुगं घालायला आपल्याकडे बंदी आहे, पण नियम त्यालाच लागतो ज्याचा पत्ता असतो. पुढे छापील किंमत ९९९ रुपये असून बाजारात दीडशेला मिळतंय आणि पाठीमागे पत्ताच नाही, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नको. तुझी पेन्सिल उलटून बघ. पत्ता असेल तर वहिनींना खुशाल दाखव.

आणि आठ दिवसांत गोरं करणारं क्रीम कुणी हातात दिलं, करवली आहेस म्हणून, तर ते तसंच परत दे. त्यात बऱ्याचदा पारा तरी असतो नाहीतर स्टिरॉइड तरी. पाऱ्याच्या अशा क्रीमनी मूत्रपिंडं बिघडल्याचं केरळच्या डॉक्टरांनी २०२३ साली दाखवून दिलं. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी मेडिकलवरून सर्रास आणली जातात. माझ्याकडे अशा मुली येतात. पहिले दोन महिने चेहरा काचेसारखा, मग उन्हात गेलं की लालबुंद, मग केस आणि पुटकुळ्या. त्यांना मी मेकअप करत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवते.

म्हणजे स्वस्त सगळंच चांगलं असं मी म्हणत नाहीये. स्वस्तात मला कधीच चांगलं न सापडलेलं म्हणजे फाउंडेशन. वस्तू वाईट असते म्हणून नाही, रंग तीनच असतात, आणि तिन्ही आपल्यापेक्षा गोरे. तिथे पैसे घाल. आईच्या पट्टीतले दीड-दोन हजार घे, जास्त नको, आणि जळगावला जा. फुले मार्केटात नाहीतर मोठ्या दुकानात, पण दुपारी बाराच्या आधी. हातावर लावून बघू नको, हाताचा रंग वेगळा. जबड्याच्या कडेवर तीन रंगांच्या रेघा ओढ आणि दुकानाबाहेर उन्हात ये. आतल्या पांढऱ्या दिव्यात सगळं गोरं दिसतं. जी रेघ दिसेनाशी होते ती तुझी. लगेच विकत घेऊ नको. एक तास फिर, चहा घे, मग पुन्हा बघ, कारण काही फाउंडेशनं हवा लागली की एक छटा काळवंडतात. दुकानदार "तुम्हाला अजून एक लाइट चालेल" म्हणेल. त्याला हो म्हणू नको. मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या रंगाचं, असे फोटो आपल्या खानदेशातल्या प्रत्येक आल्बममध्ये आहेत.

दुसरा खर्च सनस्क्रीनचा, आणि तो लग्नासाठी नाही, रोजच्या शाळेसाठी. स्कूटीवर स्कार्फ बांधतेस ना? बांध, पण त्याच्या आत सनस्क्रीन लाव. एसपीएफ ३० पुरे, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. गालावर वांग यायला लागले असतील तर रंग असलेलं घे. त्या तपकिरी रंगात आयर्न ऑक्साइड, म्हणजे गंजासारखी लोहाच्या संयुगाची भुकटी असते आणि ती डोळ्याला दिसणारा उजेडही अडवते. वांग फक्त उन्हाने वाढत नाहीत, उजेडानेही वाढतात, आणि पांढरं सनस्क्रीन तिथे कमी पडतं. स्वस्तातलं रंगीत सनस्क्रीन चेहऱ्यावर फाउंडेशनचंही थोडं काम करतं, हे कळलं तेव्हा माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी रोजचं फाउंडेशन सोडलं. धंद्याच्या दृष्टीने मी हे तुला सांगायला नको होतं. लग्नात रात्रीच्या फोटोंसाठी मात्र सनस्क्रीन जपून लाव, फ्लॅश पडला की ते पांढरं उजळतं आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. मोबाइलचा फ्लॅश लावून घरीच एक फोटो काढून बघ.

रात्री हे सगळं काढायचं खोबरेल तेलाने. तेलाला तेल धरतं, मेण सुटतं. आमच्या अमळनेरला हे समजावून सांगावं लागत नाही. १९४५ साली इथे तेलाचा कारखाना निघाला, वनस्पती तूप आणि धुण्याचा साबण करायचा, आणि त्याची पुढे विप्रो झाली. तेव्हा कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं असतं की ही कंपनी संगणकाचं काम करेल, तर तो हसला असता. असो. तेल कापसावर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर दहा आकडे मोजेपर्यंत ठेव, मग पूस आणि नंतर साध्या साबणाने चेहरा धू. पुटकुळ्या येणारी कातडी असेल तर तेल फक्त डोळ्यांना, गालांना नको.

वहिनींचं काय करायचं? भांडू नको. आमच्या आईच्या वेळी लॅक्मेची लिपस्टिक आणली की शेजारच्या बायका 'परदेशी' म्हणून बघायला यायच्या. ती कंपनी तेव्हा टाटांची, १९५२ साली निघालेली, आणि ते फ्रेंच नाव मुळात आपल्या लक्ष्मीचं. नावाचा रुबाब असा असतो, त्याला वहिनी भुलल्या तर नवल नाही. हळदीच्या दिवशी त्यांचं काजळ परत उतरेल. तेव्हा हळूच म्हण, "वहिनी, खालची पावडर मी लावून देऊ का?" फक्त तुझी पेन्सिल त्यांच्या डोळ्याला लावू देऊ नको, त्यांचीही तू लावू नको. लग्नघरात एक काजळ दहा जणींच्या डोळ्यांत फिरतं, आणि चौथ्या दिवशी अर्धं वऱ्हाड डोळे आले म्हणून काळे चष्मे लावून बसतं. कुणी मागितलीच तर टोक काढून दे आणि परत आल्यावर पुन्हा टोक काढ.

उरलेली पट्टी आईकडेच राहू दे, लग्नाचा आहेर आहे, बांगड्या आहेत.

आणि तो बारावीचा मस्कारा! डी.एड. झालं, नोकरी लागली, आणि तो अजून पाऊचमध्ये. उघडलेला मस्कारा सहा महिन्यांच्या वर ठेवायचा नसतो. कांडी दर वेळी हवा आणि पापणीवरचे जंतू आत नेते. संपला नाही याचं कौतुक करू नको, वाळलाय म्हणून संपत नाहीये. हे वाचून झालं की उठ आणि तो कचऱ्यात टाक.

तुझी,
ताई